बातम्यांतली निरगाठ

"बाबा, हलू नकोस ना!"

"हललो कुठे? श्वास घेतला."

"मग हळू घे. पट्टा वर-खाली होतोय."

वृत्तनिवेदकांनी पुढचा श्वास हप्त्याहप्त्याने घेतला. सुट्टीची दुपार होती. वर बनियन, खाली निळ्या पट्ट्यांचा पायजमा अशा थाटात ते आरामखुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले होते. त्या पायजम्याच्या नाडीच्या लोंबत्या टोकाला सहा रंगीत दोरे अडकवून, ते ताणून धरून, त्यांची नऊ वर्षांची मुलगी समोर जमिनीवर मांडी घालून बसली होती. घरात तिला टिंगू म्हणत. वर्गात, शाळेच्या बसमध्ये आणि दातांच्या डॉक्टरांकडेही टिंगूच म्हणत, कारण ती होतीच तेवढी.

टिंगू भरतकामाच्या दोऱ्यांना गाठी मारून मनगटावर बांधायचा मैत्रीपट्टा करत होती. या पट्ट्याचं एक टोक कशाला तरी घट्ट अडकवावं लागतं, नाहीतर गाठ ओढायची कशाच्या जोरावर? तिने आधी तो उशीला टाचून पाहिला. प्रत्येक गाठीला उशी थोडी थोडी जवळ येत शेवटी मांडीत येऊन बसली. मग टेबलाला चिकटपट्टीने लावला, तर चिकटपट्टी निघाली. मग दाराच्या कडीला बांधला, तर आईने दार उघडलं आणि पट्टा दोऱ्यांसकट बाहेरच्या खोलीत गेला. तेव्हा टिंगूने कमरेवर हात ठेवून घरभर नजर फिरवली आणि तिच्या लक्षात आलं, की या घरात न हलणारी वस्तू एकच आहे.

ही गोष्ट आख्ख्या शहराला ठाऊक होती. निवेदकांचा चेहरा हलत नाही म्हणूनच लोक त्यांच्या बातम्या ऐकत. पूर आला, संघ जिंकला, पेट्रोल महागलं, हत्तीणीला पिल्लू झालं, चेहरा तोच. टिंगूच्या जन्माची बातमी नर्सने बाहेर येऊन सांगितली, तेव्हाही त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं होतं, की ती बिचारी खात्री करायला पुन्हा आत गेली. "तुझ्या बाबांना आनंद होतो गं," आई टिंगूला सांगे, "फक्त तो प्रसारित होत नाही."

आज मात्र वर्तमानपत्राच्या वरच्या कडेवरून निवेदकांचे डोळे पुन्हा पुन्हा खाली जात होते. सकाळी तिथे सहा दोरे होते. नुसते दोरे. आता तिथे बोटभर रुंदीचं काहीतरी होतं आणि त्याच्यावर बाणांची टोकं एकामागून एक खाली चालली होती. जांभळं, पिवळं, हिरवं, पुन्हा जांभळं. हे बाण कुठून आले ते निवेदकांना दिसलं नव्हतं, आणि ते स्वतः तर सकाळपासून तिथेच बसले होते.

"हे बाण तू काढले कसे?"

"काढले नाहीत. येतात."

"आपोआप?"

"आपोआप कसे येतील? हा कडेचा दोरा घ्यायचा, शेजारच्यावर ठेवून इंग्रजी चारचा आकडा करायचा. शेपूट आतून घ्यायचं, वर ओढायचं. पुन्हा एकदा तसंच. झाली गाठ. मग पुढचा दोरा. मधोमध आलो की दुसऱ्या बाजूने."

"आणि बाण?"

"तेच तर," टिंगू म्हणाली. "बाण कुठेच करायचा नसतो. गाठी नीट मारल्या की तो दिसायला लागतो."

निवेदकांनी आयुष्यात पुष्कळ मोठमोठ्या लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या, पण इतकं स्वच्छ उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. आपल्या घरात, आपल्याच नाडीवर हे असं काही चाललंय आणि आपण चौथ्या पानावरचा रस्तादुरुस्तीचा मजकूर वाचतोय, याचं त्यांना मनापासून नवल वाटलं. चेहरा अर्थात तोच होता.

पट्टा शिडीसाठी होता. शिडी म्हणजे टिंगूची बाकावरची मैत्रीण, वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी. पहिलीत बाईंनी गंमत म्हणून दोघींना शेजारी बसवलं आणि त्या दिवसापासून कुणाला त्यांना वेगळं करता आलं नव्हतं. आता शिडीच्या बाबांची बदली झाली होती. उद्या सकाळी सामानाचा ट्रक निघणार होता आणि शिडी दूरच्या गावी, कुणी म्हणता कुणी ओळखीचं नसलेल्या शाळेत जाणार होती. दोरे तिनेच निवडले होते. काल तिने टिंगूचं एक नखही हिरवं रंगवून दिलं होतं. एकच, कारण तेवढ्यात बाटली संपली.

"ती म्हणाली, नव्या शाळेत पहिल्या दिवशी हातात पट्टा असला तर मला भीती नाही वाटणार," टिंगूने सांगितलं. "म्हणून चुकून चालत नाही. आणि उशीर करून तर अजिबातच चालत नाही. मी पाणी पिऊन येते. उठू नकोस हां."

ती स्वयंपाकघरात गेली आणि फोन वाजला.

फोन वृत्तवाहिनीच्या निर्मातीबाईंचा होता. संध्याकाळच्या निवेदकांचा घसा बसला होता. म्हणजे तोंड उघडलं की नुसती हवा येत होती. गाडी पाठवली आहे, खाली पोचलीच असेल, आहात तसे या. निवेदक ताडकन उठले. वृत्तवाहिनीची माणसं हाक आली की आधी उठतात आणि मग विचार करतात. उठताना पायजमा ढिला लागला, म्हणून त्यांनी न बघता, नुसत्या हाताने नाडीची दोन्ही टोकं पकडली, करकचून आवळली आणि गाठ मारली. मग शर्ट, टाय, कोट. खाली काही बदलायचा प्रश्नच नव्हता. बातम्या देणारा माणूस पडद्यावर छातीपर्यंतच असतो. कोटाखाली पायजमा घालून त्यांनी आजवर तीन निवडणुकांचे निकाल सांगितले होते आणि लोकशाहीचं काहीही बिघडलं नव्हतं.

टिंगू पाणी पिऊन परत आली, तेव्हा आरामखुर्ची रिकामी होती.

"आई! बाबा हलला!"

आई काही बोलणार तोच पुन्हा फोन वाजला. हा शिडीच्या आईचा होता. ट्रकवाल्याला पुढचं भाडं लागलं होतं, त्यामुळे तो उद्याऐवजी आजच निघा म्हणत होता. संध्याकाळच्या बातम्या संपेपर्यंत सामान चढवून होईल, मग लगेच निघू. टिंगूला भेटायला पाठवता का?

टिंगूचं तोंड एवढंसं झालं. ती रडली नाही, पण रडण्यासाठी लागणारी सगळी तयारी चेहऱ्यावर दिसू लागली. आईने पायात चपला सरकवल्या आणि स्कूटरची किल्ली उचलली. "चल. बाबा जिथे, पट्टा तिथे."

इकडे वृत्तवाहिनीत निवेदक मेकअपच्या खुर्चीत बसले होते. मेकअपवाल्या ताईंनी पावडरचा हात मारता मारता खाली पाहिलं.

"साहेब, तुमचं काहीतरी लोंबतंय."

निवेदकांनी कोट बाजूला केला. सहा रंगीत दोरे गुडघ्यापर्यंत लोंबत होते आणि वर, कमरेशी, अर्धवट झालेल्या पट्ट्याचं टोक नाडीच्या गाठीत शिरलं होतं. त्यांनी गाठ चाचपली. ती सुरगाठ नव्हती. घाईत मारलेली, खास दगडी निरगाठ होती आणि पट्ट्याचा फास तिच्या पोटात जाऊन बसला होता. मेकअपवाल्या ताईंनी नखं लावली, केसांची पिन घातली, शेवटी कात्री आणली.

"दोरा कापू की नाडी?"

निवेदक विचारात पडले. दोरा कापला तर मुलीची सगळी दुपार जाते. नाडी कापली तर पायजमा जातो. तेवढ्यात निर्मातीबाई आत आल्या. त्या आज फार उत्साहात होत्या.

"आलात ना? बरं झालं! आजपासून नवीन पद्धत. हवामानाच्या बातमीला निवेदक उठून नकाशापाशी चालत जाणार. मोठा नकाशा लावलाय भिंतीवर. जिवंतपणा येतो!" मग त्यांची नजर खाली गेली. "हे काय आहे?"

"पायजमा."

"ते दिसतंय मला! पण आज उभं राहायचंय!"

"मला काय माहीत? मी दुसऱ्याच्या जागी आलोय."

निर्मातीबाईंनी डोक्याला हात लावला. महिनाभर डोक्यात घोळवलेली पद्धत एका पायजम्यापायी पुढे ढकलावी लागणार होती. तेवढ्यात दारात स्कूटरवरून आलेली आई आणि तिच्या कोपराखालून घुसलेली टिंगू उभी राहिली. टिंगूने आधी पट्टा पाहिला, मग गाठ, मग बाबांकडे.

"तू निरगाठ मारलीस?"

"घाईत."

"शिडी आजच चाललीय. बातम्या संपल्या की लगेच."

निवेदकांना बातमीचं गांभीर्य एका क्षणात कळलं. तो त्यांचा धंदाच होता. त्यांनी कात्री परत केली. "किती राहिलाय?"

"थोडाच. पण बसून करावा लागेल. आणि तू हलायचं नाहीस."

"बातम्या देताना मी कधी हललोय?"

निर्मातीबाई "अहो पण" म्हणेपर्यंत लाल दिवा लागायची वेळ झाली. निवेदक खुर्चीत बसले, टिंगू टेबलाखाली गेली. टेबलाला पुढून फळी होती, बाजूने ते उघडं होतं. पुढच्या कॅमेऱ्यातून फक्त कोट, टाय आणि तो सुप्रसिद्ध चेहरा दिसत होता. "शिंकायचं नाही, बोलायचं नाही," आईने वाकून बजावलं आणि ती काचेपलीकडच्या खोलीत निर्मातीबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"नमस्कार," निवेदक म्हणाले, "ठळक बातम्या."

खाली पहिली गाठ ओढली गेली. नाडीला हिसका बसला. निवेदकांच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा ढळली नाही. काचेपलीकडे आईने नवऱ्याच्या या गुणाबद्दल पहिल्यांदाच देवाचे आभार मानले.

आता गोष्ट अशी, की बाजूला, नकाशापाशी, दुसरा कॅमेरा होता. तो हवामानासाठी. त्यामागच्या कॅमेरावाल्याला तोवर काही काम नव्हतं. त्याने सहज टेबलाखाली पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग कॅमेऱ्याच्या भिंगातून, जवळून पाहिलं आणि तिथेच थांबला. अंधारात नीट दिसेना, म्हणून त्याने एक छोटा दिवा पायाने हळूच टेबलाखाली सरकवला. टिंगूने त्याच्याकडे मान हलवून आभार मानले आणि बोटं चालू ठेवली.

ती बोटं! एक आकडा पडायचा, शेपूट आत जायचं, दोरा ताणला जायचा आणि एक ठिपका उमटायचा, मोहरीएवढा. त्याच्या शेजारी दुसरा. बघणाऱ्याला प्रत्येक वेळी वाटायचं, की आता कळेल, आता नक्की कळेल बाण कुठून येतो. आणि प्रत्येक वेळी बाण आलेला असायचा. एक हिरवं नख त्या सगळ्यातून लुकलुकत पुढे सरकत होतं.

काचेच्या खोलीतल्या दुसऱ्या पडद्यावर हे चित्र आलं, तेव्हा निर्मातीबाई ओरडणार होत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. शेजारी बटणवाले काका बसले होते. कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र घराघरांत जाणार, हे त्यांच्या बटणांवर ठरत असे आणि इतक्या वर्षांत त्यांचं बोट एकदाही चुकलं नव्हतं. आजही बोट चुकलं नाही. ते चित्र नीट दिसावं म्हणून ते पुढे झुकले आणि त्यांचं कोपर बटणावर टेकलं.

हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. कारण सगळेजण त्याच चित्राकडे बघत होते.

शहराला एवढंच दिसलं, की पाणीपुरवठ्याची बातमी चालू असताना निवेदक गेले आणि पडद्यावर निळ्या पट्ट्यांचा पायजमा आला. पायजम्याला नाडी, नाडीला पट्टा, पट्ट्याला दोरे आणि दोऱ्यांना दोन लहान हात. आवाज मात्र तोच, गंभीर: जलवाहिनीच्या दुरुस्तीचं काम वेगाने सुरू असून, दोन्ही बाजूंनी ते मध्यभागी येत आहे. टिंगूच्या गाठीही त्या वेळी नेमक्या दोन्ही बाजूंनी मध्यभागी येत होत्या. घराघरांत माणसं घास हातात धरून थांबली. चहाच्या दुकानात गिऱ्हाइकं उठून पडद्याजवळ गेली. एका बाळाचं रडणं थांबलं.

मग फोन वाजला. निर्मातीबाईंनी घराघरांत जाणारं चित्र दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं, आणि शेवटी काकांच्या कोपराकडे पाहिलं. वृत्तवाहिनी बुडाली! त्यांनी माफीचे शब्द जुळवत फोन उचलला.

"पिवळ्यावरची गाठ उलटी पडलीय," पलीकडून एक म्हातारा आवाज कळवळून म्हणाला. "आत्ताच सांगा पोरीला. पुढे गेली तर सगळं उसवावं लागेल हो!"

निर्मातीबाई इतक्या गडबडल्या, की समोरच्या माइकचं बटण दाबून त्यांनी जसंच्या तसं सांगून टाकलं. तो माइक निवेदकांच्या कानातल्या यंत्राला जोडलेला होता. आणि निवेदकांना वर्षानुवर्षांची सवय होती: कानात येईल ते तोंडातून जाहीर करायचं.

"आत्ताच हाती आलेल्या वृत्तानुसार," ते त्याच चेहऱ्याने म्हणाले, "पिवळ्या दोऱ्यावरची गाठ उलटी पडली आहे. ती वेळीच सोडवून पुन्हा मारावी, असं जाणकारांचं म्हणणं आहे."

पडद्यावरचे हात थबकले. हिरव्या नखाने पिवळी गाठ हळूच उकलली, आकडा उलटा टाकला, ओढला. बाण सरळ झाला. आख्ख्या शहराने एकदम सुटकेचा श्वास सोडला आणि काचेच्या खोलीतले सगळे फोन वाजू लागले.

कुणीही तक्रार केली नाही. एक गृहस्थ विचारत होते, की दोरा जरा जास्त ताणला जातोय का. एका बाईंना एवढंच सांगायचं होतं, की त्यांनाही लहानपणी हे येत होतं, आता येत नाही. बटणवाले काकांनी कोपर उचलायला घेतलं, तेव्हा निर्मातीबाईंनी ते हाताने धरून पुन्हा खाली ठेवलं.

त्याच वेळी, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इमारतीच्या फाटकाशी सामानाने भरलेला ट्रक उभा होता. शिडी पायरीवर बसून रस्त्याकडे बघत होती. रस्त्यावर कुणी दिसत नव्हतं. पहारेकऱ्याच्या खोलीत छोटा टीव्ही लागला होता आणि पहारेकरी, ट्रकचालक आणि दोन हमाल त्याच्यापुढे तोंड उघडं टाकून उभे होते. शिडीने पायरीवर उभं राहून त्यांच्या डोक्यांवरून पाहिलं. उंचीचा तेवढा फायदा होता. तिला ओळखीचे रंग दिसले. मग ते एक हिरवं नख दिसलं.

"बाबा!" ती किंचाळली. "ती टिंगू आहे! ती नाडी टिंगूच्या बाबांची आहे!"

"कुणाची काय आहे?" तिचे बाबा पेटी ठेवून धावत आले.

"ती माझा पट्टा करतेय! मी इथे म्हणत होते की विसरली असेल, आणि ती टीव्हीवर माझा पट्टा करतेय!"

तिच्या बाबांनी ट्रकचालकाकडे पाहिलं. त्याला पुढचं भाडं होतं, घाई त्यालाच होती. ट्रकचालकाने डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि इंजिन सुरू केलं. "वृत्तवाहिनी आपल्या वाटेवरच आहे," तो म्हणाला. खरं तर ती वाटेवर नव्हती.

बातम्या हवामानापाशी आल्या. निवेदक काय करावं म्हणून क्षणभर थांबले. कानात निर्मातीबाईंचा आवाज आला. "उठा! आता लपवण्यासारखं राहिलंय काय? सगळ्या गावाने नाडी पाहिली. चाला नकाशाकडे!"

निवेदक उठले. वर कोट-टाय, खाली निळ्या पट्ट्या, अशा अवतारात ते संथ पावलं टाकत नकाशाकडे निघाले आणि त्यांच्या बाजूबाजूने, दोरे ताणून धरून, शेवटच्या गाठी मारत टिंगू निघाली. ते थांबले की ती थांबे. ते डोंगराळ भागाकडे वळले की तीही वळे. किनारपट्टीवर तुरळक सरी पडण्याची शक्यता त्यांनी हात न हलवता, फक्त नजरेने दाखवली, कारण त्या वेळी टिंगू कडेची गाठ घेत होती. "शहरात उद्या आकाश निरभ्र राहील," ते म्हणाले आणि खालून टिंगूचा आवाज आला, "झाला!"

लाल दिवा विझला. खोलीत टाळ्या पडल्या. कॅमेरावाला जमिनीवर गुडघे टेकून पट्टा जवळून बघू लागला, बोट लावायचं मात्र त्याला धाडस होईना.

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. टिंगूने पट्ट्याचं मोकळं टोक धरलं आणि धूम ठोकली. दुसरं टोक बाबांच्या कमरेला होतं, त्यामुळे बाबाही धावले. फाटकापाशी शिडी ट्रकच्या पायरीवरून उतरलेली होती. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

"हात दे," टिंगू म्हणाली.

शिडीने हात पुढे केला. टिंगूने पट्टा मनगटाभोवती फिरवला, टोकाचे दोरे वरच्या फासातून ओवले आणि जीव एकवटून गाठ मारली. मग तिच्यावर दुसरी. "आता सुटणार नाही. कधीच."

सगळ्यांनी पाहिलं. पट्टा शिडीच्या हातात नेमका बसला होता. शिडीचा हात निवेदकांच्या नाडीला बांधला गेला होता. आणि तिथे मुळात निरगाठ होतीच.

शिडीने हात ओढून पाहिला, तसे निवेदक एक पाऊल पुढे आले. ट्रकचालकाने इंजिन बंद केलं. मेकअपवाल्या ताई कात्री घेऊन धावत आल्या आणि त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"दोरा की नाडी?"

टिंगूने बाबांकडे पाहिलं. काही मागितलं नाही, नुसतं पाहिलं.

"नाडी," निवेदक म्हणाले आणि दोन्ही हातांनी पायजमा धरला.

कात्री चालली. गाठीच्या दोन्ही बाजूंनी नाडी कापली गेली आणि शिडीच्या मनगटावर बाणांच्या पट्ट्याखाली एक पांढरं गाठोडं आणि दोन वितींची शेपटी राहिली. "तेवढं काढून टाकू का?" ताईंनी विचारलं. शिडीने हात पाठीमागे लपवला. "नको. हे पण माझंच."

ट्रक निघाला. खिडकीतून एक लांब हात बाहेर आला. त्याच्यावरचा पट्टा संध्याकाळच्या उन्हात इतका नीट, इतका चोख दिसत होता, की बाजूला उभी असलेली सगळी माणसं त्याच्याकडेच बघत राहिली. सकाळी ते नुसते दोरे होते. निवेदकांना पुन्हा तोच प्रश्न पडला, की बाण येतो कुठून. आणि आपल्या एवढ्याशा पोरीला हे ठाऊक आहे, आपल्याला नाही, याचा त्यांना इतका आनंद झाला, की गळ्याशी काहीतरी अडकलं. त्यांना बोलता येईना. आज दोन निवेदकांचे घसे बसले.

टिंगू दोन्ही हात उंच करून हलवत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "बाबा, हल ना!" ती ओरडली. "तिला दिसायला हवं! हात हलव!"

निवेदकांनी आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात पायजम्यावर होते. मग त्यांनी ट्रककडे पाहिलं, तो वळणाशी आला होता. आणि ज्या चेहऱ्याने आजवर काहीही प्रसारित केलं नव्हतं, तो चेहरा सगळ्यांसमक्ष वाकडातिकडा झाला, डोळे भरून वाहायला लागले आणि निवेदकांनी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले.

ट्रक वळला. पांढरी शेपटी एकदा फडफडली आणि दिसेनाशी झाली.

"बाबा, गेली ती," बऱ्याच वेळाने टिंगू म्हणाली.

"हो," निवेदक म्हणाले आणि आणखी थोडा वेळ हात हलवत राहिले.

"अरे, आता आवर," त्यांच्या पाठीमागून बायकोचा आवाज आला. त्यांचा पायजमा तिने मघापासून दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवला होता. "माझे हात भरून आलेत."